समुद्राला सातबारा नसतो

कोकणात कुणाची दोन गुंठ्यांची वाडी असली तरी तिचा सातबारा उतारा निघतो. त्यावर आजोबांचे नाव असते, चुलत्यांची नावे असतात, कूळ असेल तर तेही असते. तिथून रस्ता जायचा असो की रेल्वे, सरकारला आधी त्या उताऱ्यावरच्या माणसांना नोटीस द्यावी लागते. मोबदला पुरेसा मिळाला की नाही हा वाद पुढचा, पण या जागेवर कुणाचा तरी हक्क आहे हे कागदावर लिहिलेले असते.

समुद्राचे तसे नाही. ज्या पाण्यात एखाद्या घराण्याने चार पिढ्या जाळे टाकले, त्या पाण्याचा उतारा कोणत्याही तलाठ्याकडे मिळत नाही. बांगडा कुठल्या महिन्यात कुठे येतो, खाडीच्या तोंडाशी कुठला खडक भरतीला बुडतो, कोळंबीची पिले कुठल्या कांदळवनात वाढतात हे तांडेलाला तोंडपाठ असते, पण कागदावर नसते. आणि ज्या दिवशी कुणी अधिकारी किंवा सल्लागार कंपनी समुद्राचा नकाशा पुढे घेऊन बसते, त्या दिवशी जे कागदावर नाही ते नसल्यासारखेच होते. नकाशावर निळा रंग दिसतो आणि निळा म्हणजे मोकळा, असा अर्थ लावला जातो.

रत्नागिरीचा मिरकरवाडा आणि राजिवडा, राजापूर तालुक्यातील साखरी नाटे, दापोलीचे हर्णै आणि बुरोंडी अशा बंदरांवर आपल्या समाजातील असंख्य घरांची चूल समुद्रावर पेटते. कुणी नाखवा आहे, कुणी खलाशी, कुणी बर्फाचा कारखाना चालवतो, कुणी मासळी सुकवून विकते. ज्यांचे घर केवळ किनाऱ्यालगत आहे, त्यांचाही या नकाशांशी संबंध येतोच. म्हणून समुद्राचे नियोजन कसे होते आणि त्यात सामान्य माणसाला कुठे बोलता येते, हा विषय आम्ही या लेखासाठी घेतला आहे.

पाण्यात गर्दी वाढली

पन्नास-साठ वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर होड्या, काही मालवाहू जहाजे आणि पावसाळा सोडून चालणाऱ्या प्रवासी बोटी एवढीच वर्दळ होती. १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय येथे तेल सापडले. त्यानंतर समुद्रात तेलविहिरींचे मनोरे उभे राहिले, तळाशी नळ टाकले गेले आणि प्रत्येक मनोऱ्याभोवती ५०० मीटरचे सुरक्षाक्षेत्र आले, जिथे मासेमारीला मनाई असते. पुढे नवी बंदरे आली, मोठ्या जहाजांसाठी गाळ उपसला जाऊ लागला, इंटरनेटच्या केबली समुद्रतळावरून मुंबईला पोहोचल्या. शहरांचे सांडपाणी नळांनी समुद्रात सोडले जाते. कुठे अभयारण्य आहे, कुठे स्कूबा डायव्हिंग, कुठे पिंजऱ्यातील मत्स्यपालन.

यातील प्रत्येक कामाला वेगळे खाते आहे. मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाकडे, बंदरे मेरीटाइम बोर्डाकडे किंवा केंद्राकडे, कांदळवन वन विभागाकडे, प्रदूषण प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, मासेमारीचे नियम राज्य करते आणि त्यापलीकडे केंद्राचा अधिकार चालतो. प्रत्येक खात्याचा नकाशा वेगळा. एका खात्याने जिथे जहाजांचा मार्ग आखला, तिथेच दुसऱ्या खात्याने जाळ्यांना परवाना दिलेला असतो. भांडण होते ते मात्र पाण्यावर, फाटलेल्या जाळ्यापाशी.

हे सगळे नकाशे एकत्र ठेवून, कुणी कुठे आणि कधी काय करायचे ते आधीच ठरवायचे, याला सागरी क्षेत्र नियोजन म्हणतात. युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाने २००९ मध्ये याची पायरीपायरीने माहिती देणारी पुस्तिका काढली. समुद्राशी ज्यांचे पोट, घर किंवा हित बांधलेले आहे त्यांना सुरुवातीपासून सोबत घ्या, यावर त्या पुस्तिकेचा मोठा भर आहे. आपल्या देशातही नॉर्वेच्या सहकार्याने पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप येथे असे नियोजन प्रयोग म्हणून हाती घेण्यात आले आहे. आज ना उद्या ही पद्धत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही येणार. ती येण्यापूर्वी मागच्या अनुभवांकडे पाहिलेले बरे.

मालवण : न विचारता आखलेली रेघ

१३ एप्रिल १९८७ रोजी मालवणचा समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या परिसरातला. हेतू चांगलाच होता. तिथे प्रवाळ आहे, समुद्री शेवाळाचे अनेक प्रकार आहेत, माशांची पैदास होते. राज्यातील हे पहिले सागरी अभयारण्य.

पण याच पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढली जात होती, गळ टाकले जात होते. जंगलासाठी केलेला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा समुद्राला लागू झाला आणि मच्छीमारांना कळेना की आपण उद्या जाळे टाकले तर शिकारी ठरणार की काय. विरोध उभा राहिला आणि तो वर्षानुवर्षे टिकला. अभयारण्य कागदावर राहिले, त्याची नीट आखणी किंवा राखण होऊ शकली नाही. म्हणजे मच्छीमाराच्या डोक्यावर टांगती तलवार राहिली आणि प्रवाळालाही संरक्षण मिळाले नाही. दोन्ही बाजूंचे नुकसान झाले.

याच जिल्ह्यात पुढे वेगळी वाट धरली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने २०१२ च्या सुमारास सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी एक प्रकल्प सुरू झाला. तिथे बंदीचा फलक लावण्याआधी गावांशी बोलणे झाले. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेपटीकडचा भाग चौकोनी आसाचा केला तर लहान पिले निसटून जातात आणि उद्याचा मासा वाचतो, हे बोटीवर प्रत्यक्ष करून दाखवले गेले. कालवे, शिंपल्या आणि खेकडे पाळण्याचे शिक्षण महिलांना मिळाले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या स्त्रिया पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवू लागल्या. ज्या कांदळवनाकडे केवळ सरपण म्हणून पाहिले जाई, ते उभे राहण्यातच आता त्या घरांची कमाई आहे. ते राखायला चौकीदार नेमावा लागत नाही.

साखरी नाटे : विचारले, पण कसे?

राजापूर तालुक्यातील जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प सर्वांना ठाऊक आहे. १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट असा आराखडा. जमीन गेली ती माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे आणि वरिलवाडा या गावांची. खाडीपलीकडचे साखरी नाटे हे मोठे मच्छीमार गाव आणि तिथली बहुसंख्य घरे मुस्लिम. या गावाची जमीन प्रकल्पात जात नव्हती. साहजिकच भूसंपादनाच्या नोटिसा त्यांच्या दारात येण्याचे कारण नव्हते.

नाट्याच्या मच्छीमारांची भीती पाण्याची होती. अणुभट्टी थंड ठेवायला समुद्राचे पाणी आत घेतात आणि गरम झालेले पाणी परत समुद्रात सोडतात. त्या ऊबेने मासा किनारा सोडून गेला तर काय? सुरक्षेसाठी प्रकल्पाभोवतीचे पाणी बंद झाले तर होड्या कुठून न्यायच्या? प्रश्न साधे होते आणि पोटाचे होते. १६ मे २०१० रोजी पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली. अहवाल मराठीत वेळेवर मिळाला नाही, तो वाचून समजून घ्यायला सवड नव्हती, अशी गावकऱ्यांची तक्रार राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राची पर्यावरण मंजुरी मिळाली. मार्च २०११ मध्ये जपानमध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली आणि इथली भीती दुपटीने वाढली. १८ एप्रिल २०११ रोजी नाट्यात आंदोलनाच्या वेळी पोलिसांनी गोळीबार केला आणि गावचा एक तरुण मच्छीमार दगावला.

अणुऊर्जा हवी की नको यावर मतभेद असू शकतात आणि या लेखाचा तो विषय नाही. आमचे म्हणणे एवढेच की सुनावणी घेतल्याची नोंद होणे आणि माणसांचे ऐकले जाणे यात मोठे अंतर आहे. शेकडो पानांचा इंग्रजी अहवाल ऐनवेळी पुढे ठेवून कुणी ‘बोला’ म्हटले, तर गलबत चालवणारा माणूस काय बोलणार? तो रागावणार. मग त्याच्या रागाची बातमी होते, पण त्याचा प्रश्न तसाच राहून जातो. इतकी वर्षे लोटली, अणुभट्टी अजून उभी राहिलेली नाही. घाईने उरकलेल्या सुनावणीने सरकारचाही वेळ वाचला नाही.

वरळी : साठ मीटर आणि एकशेवीस मीटर

मुंबईचा किनारी रस्ता वरळीच्या कोळीवाड्याजवळ वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडायचा होता. त्यासाठी समुद्रात खांब येणार होते. आराखड्यात दोन खांबांमधले अंतर ६० मीटर धरले होते. होडीची रुंदी काही मीटर, मग ६० मीटर पुष्कळ झाले, असे कागदावर कुणालाही वाटेल.

वरळीच्या कोळ्यांनी सांगितले, की पावसाळ्यात वारा एका बाजूने आणि प्रवाह दुसऱ्या बाजूने असतो, तेव्हा होडी सरळ रेषेत जात नाही, ती आडवी होते. अंधारात, लाटेवर, जाळ्याचे वजन घेऊन परतणाऱ्या होडीला ६० मीटरची फट म्हणजे खांबावर आपटण्याची जागा आहे. त्यांनी २०० मीटर अंतर मागितले. बैठका झाल्या, निवेदने दिली गेली, काम अडवले गेले, तज्ज्ञांची मते मागवली गेली. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने मधला एक खांब वगळून १२० मीटर अंतर ठेवण्याचे मान्य केले.

मच्छीमारांना मागितले तेवढे मिळाले नाही. सरकारचा खर्च आणि वेळ दोन्ही वाढले. पण हेच बोलणे नकाशा काढताना झाले असते तर? खांब कागदावर हलवायला एक खोडरबर पुरतो. काम सुरू झाल्यावर तोच खांब हलवायला कोट्यवधी रुपये आणि महिनोन्‌महिने लागतात. लोकांना आधी विचारणे हे लोकांवरचे उपकार नसतात. ज्याला त्या पाण्याची खोडी माहीत आहे त्याचा मशवरा फुकट मिळत असतो, आणि तो न घेणारा स्वतःचेच नुकसान करून घेतो.

दोनदा विचारणारा देश

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर ग्रेट बॅरियर रीफ हे जगातील सर्वांत मोठे प्रवाळक्षेत्र आहे. १९७५ च्या कायद्याने तिथे सागरी उद्यान झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३,४४,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्रापेक्षाही मोठे. मासेमारीला पूर्ण बंदी असलेला भाग त्यात पाच टक्क्यांहून कमी होता. प्रवाळ वाचवायचे तर तो वाढवणे आवश्यक होते. पण कुठे वाढवायचा?

२००२ मध्ये उद्यानाच्या प्राधिकरणाने पहिल्या फेरीत लोकांना विचारले. तेव्हा नवा नकाशा काढलेलाही नव्हता. तुम्ही कुठे मासे धरता, कुठे होडी नेता, कुठली जागा तुम्हाला मोलाची वाटते ते सांगा, एवढीच विनंती होती. दहा हजारांहून अधिक लेखी सूचना आल्या. त्या वाचून कच्चा नकाशा केला आणि २००३ मध्ये तो पुन्हा लोकांपुढे ठेवला. या वेळी एकवीस हजारांहून अधिक सूचना आल्या. त्यानंतर अनेक ठिकाणच्या सीमारेषा बदलल्या. अंतिम नकाशा १ जुलै २००४ पासून लागू झाला आणि पूर्ण बंदीचे क्षेत्र जवळपास ३३ टक्क्यांवर गेले.

सगळे खूश झाले असे मात्र नाही. ज्यांच्या जागा गेल्या ते मच्छीमार नाराज होते. त्यांच्यासाठी सरकारने भरपाईची योजना आणली आणि तिचा खर्च सुरुवातीच्या अंदाजापेक्षा कितीतरी वाढून २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्याही वर गेला. पण जे गमावले त्याची किंमत कुणीतरी मोजली, आणि नकाशा पाहताना माणसाला ‘माझे म्हणणे इथे दिसते’ किंवा ‘इथे दिसत नाही’ असे बोट ठेवून सांगता आले. वाद झाला तोही समोर ठेवलेल्या कागदावर.

मिसाली : मुसल्ल्याच्या नावाचे बेट

ऑस्ट्रेलिया श्रीमंत देश आहे, आपल्याकडे ते कसे जमणार, असे कुणी म्हणेल. म्हणून आता टांझानियातील झांझिबारकडे वळू. तिथल्या पेम्बा बेटाच्या पश्चिमेला मिसाली नावाचे छोटेसे बेट आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याशी कोकणी मुसलमानांचे नाते जुने आहे, आणि बेटाच्या नावाची कथा ऐकली तर ते नाते आणखी जवळचे वाटेल. स्थानिक लोक सांगतात, की हजरत खिज्र तिथे आले आणि नमाजसाठी मुसल्ला मागितला. तो कुणाकडे नव्हता. तेव्हा हे बेटच किब्ल्याकडे तोंड केलेल्या मुसल्ल्यासारखे आहे, असे ते म्हणाले. स्वाहिली भाषेत मुसल्ल्याला ‘म्साला’ म्हणतात. त्यावरून मिसाली.

या बेटाभोवती सुंदर प्रवाळ आणि भरपूर मासळी. पेम्बाच्या मच्छीमारांचे पोट त्यावर. १९९० च्या दशकात बेट हॉटेलसाठी देण्याची हालचाल झाली, तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला. तो बेत मागे पडला आणि १९९८ मध्ये मिसाली संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. मात्र व्यवस्थापनात मच्छीमारांच्या संघटनेला जागा मिळाली. एक लहान भाग मासेमारीला पूर्ण बंद आणि बाकीचा नियमांसह खुला, अशी आखणी झाली.

तरीही अडचण होती. सुरुंग लावून मासे मारणे, प्रवाळ मोडणारी जाळी वापरणे हे प्रकार निव्वळ सरकारी हुकमाने थांबत नव्हते. हुकूम दूरच्या कचेरीतून यायचा, तर मच्छीमार रोज मशिदीत जायचा. १९९९ पासून इस्लामी पर्यावरण विचाराचे अभ्यासक फजलुन खालिद यांच्या मदतीने तिथे कार्यशाळा झाल्या. मच्छीमार, मदरशाचे शिक्षक, इमाम आणि अधिकारी एकत्र बसले. सृष्टी ही अमानत आहे आणि माणूस तिचा राखणदार आहे, ही गोष्ट त्या लोकांना नवी नव्हती. ती समुद्राला आणि जाळ्यालाही लागू होते, हे तिथे त्यांच्याच भाषेत मांडले गेले. पुढे २००५ मध्ये मिसाली पेम्बा खाडीच्या मोठ्या संरक्षित क्षेत्रात सामील झाले.

या उदाहरणातून आम्हाला महत्त्वाचे वाटते ते असे. ज्या गावात लोक ज्या जागी जमतात, ज्यांचे ऐकतात, तिथे नियोजनाची चर्चा गेली पाहिजे. आपल्याकडे ती जागा जमातीची बैठक असेल, मच्छीमार सोसायटी असेल, ग्रामसभा असेल किंवा देवळाचा सभामंडप असेल. समुद्र एकट्या मोहल्ल्याचा नाही. शेजारच्या कोळीवाड्याला, खारवी वाडीला आणि गाबित वाडीला वगळून केलेला मशवरा अर्धाच राहील.

आपल्यातही दोन बाजू आहेत

लोकांना विचारा म्हटले की पुढचा प्रश्न येतो, कुठल्या लोकांना? याचे उत्तर आपल्या घरातूनच सुरू होते.

पर्ससीन जाळ्यांचा वाद घ्या. मोठ्या बोटीने थव्याला वेढा घालून एका खेपेत टनावारी मासळी काढणारे हे जाळे. लहान होडीवाल्याचे म्हणणे, की आमच्या वाट्याला काही उरत नाही. डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश काढला. पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा चार महिन्यांचा ठेवायचा, असे ठरले. २०२१ मध्ये राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदाही कडक करण्यात आला. पारंपरिक मच्छीमारांना वाटते की अंमलबजावणी ढिली आहे. पर्ससीनवाल्यांना वाटते की कर्ज काढून बोट बांधली, आता चार महिन्यांच्या कमाईत हप्ते कसे फेडायचे? आपल्याच मोहल्ल्यात दोन्ही बाजूंची माणसे आहेत. एका लग्नात एकाच दस्तरखानवर बसणारी आहेत.

मग ‘मच्छीमारांचे प्रतिनिधी’ म्हणून बैठकीला कोण जातो? बहुतेक वेळा बोटीचा मालक किंवा सोसायटीचा चेअरमन. खलाशी जात नाही. त्यात परजिल्ह्यातले आणि नेपाळहून आलेलेही पुष्कळ असतात, त्यांचे नाव कुठल्याच यादीत नसते. आणि बाई तर जातच नाही. मासळी बोटीवरून उतरली की तिची निवड, लिलावातली खरेदी, सुकवणे, डोक्यावरून गावोगाव विकणे, हे सारे काम बाईचे. ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या आणि कालवे काढते तीही बाईच. ती वाळूची जागा, तो चिखलाचा पट्टा तिची शेती आहे. पण सोसायटीच्या सभासद यादीत तिचे नाव क्वचित सापडते. पुरुषांना बोट कुठून जाते ते माहीत असते, जवळा कुठे वाळतो ते बाईला विचारावे लागते. तिला न विचारता काढलेल्या नकाशात तो जवळा वाळवण्याचा खळाच नसतो आणि मग तिथे एखाद्या दिवशी वाहनतळ उभा राहतो.

घरी बसून काय करता येईल?

कायद्याने सामान्य माणसाला काही दारे उघडी ठेवली आहेत. ती माहीत नसतील तर उघडी असून नसल्यासारखी.

पहिले दार किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याचे. किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना प्रथम १९९१ मध्ये आली. त्यानंतर २०११ मध्ये नवी आणि जानेवारी २०१९ मध्ये आणखी नवी. बांधकामाला मनाई असलेला पट्टा भरतीरेषेपासून किती, ५० मीटर की २०० मीटर, हे २०१९ च्या नियमात ग्रामीण भागाच्या लोकसंख्येच्या घनतेवर ठरते. चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक वस्ती असेल तर, आराखडा मंजूर झाल्यावर, ५० मीटर. नाहीतर २००. तुमच्या घराची दुरुस्ती आणि मुलाच्या नव्या खोलीची परवानगी यावर अवलंबून आहे. गावपातळीचे नकाशे १:४,००० प्रमाणावर काढायचे असतात. मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामाईक जागा, जेट्टी, बर्फाचे कारखाने, मासळी सुकवण्याच्या जागा त्यावर दाखवाव्यात असे २०११ च्या अधिसूचनेत स्पष्ट म्हटले होते. आराखड्याचा मसुदा जाहीर करून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. तेव्हा आपले गाव उघडून पाहा. होड्या ओढून ठेवायची पुळण आहे का? जाळी दुरुस्त करायची जागा? खाडीकाठचे कब्रस्तान, तिथे जाणारी पायवाट?

दुसरे दार जनसुनावणीचे. मोठ्या बंदरासारख्या प्रकल्पाला २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार सुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात द्यावी लागते आणि लोकांना किमान ३० दिवस मिळाले पाहिजेत. अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि ग्रामपंचायतीत पाहता येतो. त्याचा सारांश स्थानिक भाषेत असला पाहिजे. सुनावणीला जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्ष असतात, कामकाजाचे चित्रीकरण होते आणि शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो. हजर असलेल्या कुणालाही प्रश्न विचारता येतो.

अलीकडचे उदाहरण पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराचे. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पाची सुनावणी १९ जानेवारी २०२४ रोजी झाली. मच्छीमारांचा मोठा विरोध होता, तरी त्याच वर्षी मंजुरी मिळून ३० ऑगस्टला भूमिपूजन झाले. तेव्हा सुनावणीला गेलो म्हणजे प्रकल्प थांबला, असा समज कुणी करून घेऊ नये. पण तिथे नोंदवलेले म्हणणे पुढच्या प्रत्येक पायरीवर उपयोगी पडते. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांची सवलत मिळू शकते. आपल्या भागाचे पीठ पुण्याला आहे. तिथे पहिला प्रश्न हाच येतो, की तुम्ही सुनावणीत काय सांगितले होते?

तिसरे दार माहितीच्या अधिकाराचे. २००५ च्या कायद्याने दहा रुपये भरून अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. नकाशाची प्रत, सर्वेक्षणाचा अहवाल, इतिवृत्त, काहीही मागता येते.

आणि या सगळ्याआधीचे काम घरातले आहे. एका रविवारी दुपारी मोठा कागद घ्या. आजोबांना, नानांना समोर बसवा. त्यांनी सांगावे आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीने किंवा मुलाने काढावे. खाडीचे तोंड, खडक, होडीची वाट, कुठल्या महिन्यात कुठला मासा, कुठे डोल लागते, कुठे गळ. मग कागद आईकडे आणि नानीकडे द्या. तिसऱ्यांची जागा, सुकवणीचा खळा, कांदळवनातली खेकड्यांची बिळे त्यांनी भरावीत. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश मिळतात, तेही लिहा, तारीख टाका. शेजारच्या चार घरांनी असेच केले आणि सगळे कागद ग्रामसभेत एकत्र मांडले, तर गावाचा समुद्र कागदावर येतो. हरकत देताना तो जोडा. निवेदनाच्या दोन प्रती काढा आणि एकीवर शिक्का-सहीची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.

हे काम सुनावणीची नोटीस आल्यावर करायला घेतले तर तीस दिवस पुरत नाहीत. आणि एक गोष्ट आणखी निकडीची आहे. ज्यांना वाऱ्याच्या वासावरून उद्याचे पाणी कळते, तारे पाहून बंदर सापडते, ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची मुले बोटीवर आहेत, नातवंडे पुण्यात, मुंबईत, दुबईत आणि कुवेतमध्ये. समुद्राला सातबारा नाही, त्याची नोंद आजवर या माणसांच्या आठवणीत आहे. अल्लाह त्यांना दीर्घायुष्य देवो. पण हा रविवार पुढच्या रविवारवर ढकलू नये, अशी आमची वाचकांना विनंती आहे.